दार उघडते, तसे मिटलेही पाहिजे

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. दवाखाना बंद करून मी जेवायला बसणार, तोच बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आठ वर्षांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी उचलून आणले होते. मागोमाग आई आणि आजोबा.

संध्याकाळी पाचच्या सुमारास खळ्यावर पेंढा उचलताना मुलाच्या पायाला विंचू चावला होता. घरच्यांनी पोटरीला दोरी आवळली आणि त्याला शेजारच्या वाडीवरच्या भगताकडे नेऊन विंचू उतरवून घेतला. तासाभरात ठणका कमी झाला. मुलगा थोडी पेज जेवला. सगळे निर्धास्त झाले. नऊच्या सुमारास मात्र त्याला उलट्या सुरू झाल्या. सदरा घामाने चिंब भिजला आणि हातपाय गार पडले. मी तपासले तेव्हा नाडी मिनिटाला दीडशेच्या वर होती, रक्तदाब वयाच्या मानाने फारच जास्त होता आणि फुफ्फुसांच्या खालच्या भागात बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. मुलाला नीट श्वास घेता येत नव्हता.

आजोबा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "डॉक्टर, इंचू पायाला डसला, मग पोराचा दम छातीत कसा काय भरला?"

त्या वेळी उत्तर द्यायला सवड नव्हती. पण प्रश्न इतका नेमका होता की तो माझ्या मनात घर करून राहिला. या प्रश्नाचे खरे उत्तर समजून घ्यायचे, तर मज्जातंतूंमध्ये वीज कशी तयार होते आणि काम झाल्यावर ती कशी आवरली जाते, हे पाहावे लागते. विषय थोडा अवघड आहे, पण वाचकहो, सावकाश वाचलात तर नक्की समजेल. आणि समजला, तर पुढच्या वेळी तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला विंचू चावेल तेव्हा तुम्ही वेळ फुकट घालवणार नाही.

मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे

"शरीरातल्या नसा म्हणजे विजेच्या तारा," असे आपण सहज म्हणतो. ही उपमा अर्धीच खरी आहे. बटण दाबले की दिवा लागायला वेळ लागत नाही. आपल्या मज्जातंतूंतला संदेश त्या मानाने फारच हळू चालतो. सर्वांत वेगवान तंतूंमधून तो सेकंदाला सुमारे १२० मीटर जातो, तर दुखण्याची जाणीव नेणाऱ्या सर्वांत बारीक तंतूंमधून सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा आधी एक झणझणीत कळ येते आणि क्षणभराने मागून जड ठणका येतो. हा अनुभव सर्वांना आहे. पहिली कळ जलद तंतूंतून येते, ठणका मंद तंतूंतून येतो.

हा फरक का पडतो? तारेतला प्रवाह एका टोकाकडून ढकललेला असतो. मज्जातंतूत मात्र प्रत्येक टप्प्यावर संदेश नव्याने तयार होतो. गावातल्या माणसांनी रांग करून विहिरीपासून आगीपर्यंत बादल्या पोचवाव्यात, तसा हा प्रकार आहे. आणि रांगेतल्या माणसाने एक बादली पुढे दिल्यावर त्याचे हात पुन्हा रिकामे झाले नाहीत, तर दुसरी बादली तो घेणार कशी? हात रिकामे होण्याची ही क्रिया आज आपल्याला विशेष लक्षात घ्यायची आहे.

आत पोटॅशियम, बाहेर मीठ

आपल्या जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला खारबंदिस्ती सांगायला नको. बांधाच्या एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती. मध्ये उघाडी. बांध शाबूत आणि उघाडीचे दार वेळेवर मिटणारे, तोवर शेत सुरक्षित. आपल्या शरीरातली प्रत्येक मज्जापेशी अशाच खाऱ्या पाण्यात बसलेली असते. पेशीभोवतीच्या द्रवात सोडियम भरपूर असते. हे सोडियम म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचाच एक भाग. पेशीच्या आत ते बाहेरच्या सुमारे एक दशांशच असते. उलट पोटॅशियम आत भरपूर आणि बाहेर फार थोडे, म्हणजे आतल्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास असते.

या दोहोंच्या मधला बांध म्हणजे पेशीचे पातळ पटल. एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकीही त्याची जाडी नसते. या पटलातून पोटॅशियमला झिरपण्यासाठी काही वाटा कायम मोकळ्या असतात. पोटॅशियमवर धन विद्युतभार असतो. तो थोडाथोडा बाहेर झिरपला की आत ऋण भार शिल्लक उरतो. त्यामुळे स्वस्थ बसलेल्या मज्जापेशीचे आतले अंग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट असतात. त्या हिशेबाने हा दाब अगदी किरकोळ वाटतो. पण पटल इतके पातळ आहे की त्याच्यापुरता तो मोठा ताण ठरतो.

मग हळूहळू झिरपून दोन्ही बाजूंचे पाणी सारखे का होत नाही? कारण पटलात लाखो सूक्ष्म पंप बसवलेले आहेत. प्रत्येक पंप एका खेपेला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली हा पंप दाखवून दिला. त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हे पंप फुकट चालत नाहीत. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्यातला मोठा भाग हे पंप चालते ठेवण्यातच खर्च होतो. बुडालेल्या किंवा श्वास कोंडलेल्या माणसाच्या मेंदूला काही मिनिटांतच इजा होते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

चाप सुटतो

आता संदेश कसा निघतो ते पाहू. घरातला उंदराचा सापळा डोळ्यांपुढे आणा. चाप ताणून ठेवलेला आहे. माशी बसली तर तो सुटत नाही. पण उंदराने खोबऱ्याच्या तुकड्याला पुरेसा हिसका दिला की तो पूर्ण जोराने सुटतो. अर्धा चाप कधी सुटत नाही.

मज्जापेशीचेही तसेच आहे. टाचणी टोचली, चटका बसला किंवा दुसऱ्या पेशीकडून निरोप आला की पटलावरचा ताण थोडा कमी होतो. ऋण ७० वरून तो ऋण ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला की पटलातली सोडियमची दारे धडाधड उघडतात. बाहेरचे सोडियम आत घुसते. सोडियमवरही धन भार असल्याने आतले अंग ऋणाचे धन होते, अधिक ३० मिलिव्होल्टपर्यंत जाते. एवढे सगळे घडायला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. याला आवेग म्हणतात. एका जागी आवेग उठला की त्याच्या शेजारच्या भागातला ताण कमी होतो, तिथली दारे उघडतात, मग त्याच्या पुढची. अशा रीतीने आवेग पायाच्या बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो.

मुंगी चावली काय आणि खिळा रुतला काय, एकेका तंतूतला आवेग तेवढ्याच उंचीचा असतो. फरक पडतो तो आवेगांच्या संख्येत. जोराच्या दुखण्यात सेकंदाला जास्त आवेग निघतात आणि जास्त तंतू कामाला लागतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ एड्रियन यांच्या या संदर्भातल्या कामाचा १९३२ च्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला.

आणि पुन्हा ताणला जातो

सुटलेला सापळा तसाच ठेवला तर दुसरा उंदीर त्यात सापडणार नाही. तो पुन्हा ताणावा लागतो. मज्जापेशी हे काम सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकते. त्यासाठी तिच्याकडे दोन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती सोडियमच्या दारातच आहे. दार उघडल्यावर सुमारे हजारांश सेकंदात आतल्या बाजूने त्यात एक बूच बसते. बाहेरून धक्का चालू असला तरी बूच बसल्यावर सोडियम आत येऊ शकत नाही. दुसरी युक्ती पोटॅशियमच्या दारांची. ती थोडी उशिरा उघडतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडते, आपल्याबरोबर धन भार घेऊन जाते आणि आतले अंग पुन्हा ऋण होते. तसे झाल्यावरच सोडियमच्या दारातले बूच निघते, दार मिटते आणि पेशी पुढच्या आवेगासाठी सज्ज होते.

या मधल्या क्षणात कितीही टोचले तरी तो भाग नवा आवेग काढत नाही. ही सक्तीची विश्रांती म्हणजे दोष नाही. तिच्यामुळेच आवेग मागे न फिरता पुढेच जातो आणि एक आवेग दुसऱ्यात मिसळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटते की प्रत्येक आवेगानंतर वर सांगितलेला पंप सगळे पूर्ववत करतो. तसे नाही. एका आवेगात आतबाहेर होणारे सोडियम-पोटॅशियम अगदी नगण्य असते. प्रत्येक आवेगानंतरची तातडीची आवराआवर बूच आणि पोटॅशियमची दारे करतात. पंप म्हणजे दिवसभर संथपणे गाळ उपसणारा गडी. त्याचे काम दीर्घ मुदतीचे.

माकूळ कामाला आली

हे सारे कळले कसे, ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. माणसाचा मज्जातंतू इतका बारीक की त्याच्या आत विजेचा दाब मोजणारी तार घालणे त्या काळी शक्य नव्हते. पण आपल्या बाजारात मिळणाऱ्या माकुळीच्या जातीत शरीर आक्रसून झटकन पळ काढण्यासाठी एक अतिशय जाड तंतू असतो. काही जातींत तो अर्धा ते एक मिलिमीटर जाड भरतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ येथे १९३९ साली हॉजकिन आणि हक्सली या दोघा शास्त्रज्ञांनी माकुळीच्या अशा तंतूत बारीक नळी सरकवून आतला दाब मोजला. आवेगाच्या वेळी आतले अंग नुसते शून्यावर न थांबता धन होते, हे त्यांना दिसले. लगेच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. हॉजकिन रडारच्या कामावर गेले. युद्धानंतर त्यांनी पुन्हा माकूळ हाती घेतली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी सहा महिने बंद होता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सगळी आकडेमोड केली. १९५२ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दारे असली पाहिजेत, हे त्यांनी गणिताने सांगितले होते. पुढे १९७६ साली नेहेर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी पटलातल्या एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजण्याची पद्धत काढली. त्यांनाही १९९१ साली नोबेल मिळाले.

एकाच दाराच्या तीन गोष्टी

आता आपल्या रोजच्या अनुभवाकडे येऊ.

दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात. त्यातले लिग्नोकेन सोडियमची दारे अडवून धरते. आवेग निघतच नाही, मग दुखणार कसे? औषधाचा अंमल उतरला की दारे पूर्ववत होतात.

दुसरी गोष्ट फिटची, म्हणजे आकडीची. मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी, पुन्हापुन्हा, अनावर आवेग सोडू लागतात. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन अशा गोळ्या सोडियमच्या दारातले बूच जरा जास्त वेळ बसवून ठेवतात. सावकाश येणाऱ्या नेहमीच्या आवेगांना त्याने फारसा अडथळा होत नाही, पण घाईघाईने एकामागून एक येणारे आवेग रोखले जातात. म्हणूनच रुग्ण गोळ्या घेऊनही शाळेत जातो, नोकरी करतो. गोळ्या मनाने बंद केल्या की बुचावरचा हा हात एकदम निघतो आणि पहिल्यापेक्षा जोराची फिट येऊ शकते. "सहा महिन्यांत एकही फिट आली नाही, म्हणून गोळ्या थांबवल्या," असे सांगणारे पालक मला अजून भेटतात. फिट आली नाही ती गोळ्यांमुळे. हे कृपा करून ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट विंचवाची. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषातली काही द्रव्ये सोडियमच्या दाराला चिकटतात आणि बूच वेळेवर बसू देत नाहीत. दार उघडे राहते, सोडियम आत येत राहते. त्याच विषातली दुसरी काही द्रव्ये पोटॅशियमच्या दारांच्या काही प्रकारांना अडवतात. म्हणजे आवराआवरीच्या दोन्ही युक्त्यांवर हे विष घाव घालते. एका आवेगाच्या जागी आवेगांची रांगच्या रांग सुटते. भरतीच्या वेळी उघाडीचे दार अडकून उघडे राहिल्यावर शेताचे जे होते, तेच इथे होते.

पायाचा विंचू छातीत

आता आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नांगी पायाला लागली, पण विष तिथेच बसून राहत नाही. ते रक्तात मिसळते आणि सर्वांगातल्या मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचते. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या व लाळेच्या ग्रंथी, आतडी यांचे काम आपल्या इच्छेवाचून चालवणारे जे मज्जातंतू आहेत, त्यांच्यावर त्याचा विशेष परिणाम होतो. ते सगळे एकाच वेळी पेटून उठतात. सुरुवातीला घाम, उलट्या, तोंडाला लाळ. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येते. लाजेखातर घरचे ते सांगत नाहीत, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ती महत्त्वाची खूण आहे. पाठोपाठ मज्जातंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार पडतात ते त्यामुळेच. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता लहानसे हृदय थकते, रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसात पाणी भरते. म्हणून दम लागतो, आणि वेळ गेली तर तोंडातून गुलाबी फेस येतो.

चावलेल्या जागी दुखायचे थांबले म्हणजे विष उतरले, असे नाही, हेही यावरून लक्षात येईल. पायाचे दुखणे आणि छातीतले संकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक विंचूदंश मुळात सौम्य असतात आणि ठणका काही तासांत आपोआप उतरतो. त्याचे श्रेय भगताला मिळते. पण ज्या थोड्यांना विष भिनते, त्यांचे नेमके तेच तास वाया जातात.

महाडच्या दवाखान्यातून

या बाबतीत आपल्या कोकणाने जगाला काही शिकवले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाड येथे विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचा निबंध इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही गोळी त्या वेळी रक्तदाबासाठी वापरली जात असे. ती त्यांनी विंचूदंशावर वापरली. त्यांच्या नोंदींप्रमाणे त्यापूर्वी गंभीर विंचूदंश झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. १९८४ नंतर प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन मज्जातंतूंचे दार मिटवत नाही, हे मात्र समजून घ्या. दार उघडे राहिल्याने जो पूर येतो, त्यापासून ते हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना वाचवते. दरम्यान शरीर विषाचा निचरा करते. आता विंचवाच्या विषावरील लसही आपल्या देशात तयार होते. ती रक्तातले विष पकडते. महाडलाच ७० रुग्णांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की लस आणि प्राझोसिन दोन्ही दिल्यास नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो.

हे लिहिताना मला १९८२ चा ऑक्टोबर आठवतो. मी तेव्हा नवा डॉक्टर होतो, एका आडगावच्या केंद्रात. सात वर्षांची एक मुलगी अशीच गार हातापायांनी आली होती. आई तिचे तळवे चोळत बसली होती. मी माहीत होती ती सगळी इंजेक्शने दिली. त्यातले एकही त्या दाराला किंवा त्या पुराला लागू पडणारे नव्हते, हे मला नंतर कळले. पहाटे मुलगी गेली. त्यानंतर मी विंचवाच्या रुग्णाचे तळवे हातात घेतल्याशिवाय कधी उठलो नाही. तळवे ऊबदार होऊ लागले की समजावे, संकट टळते आहे.

काय करावे, काय करू नये

विंचू चावल्यास माणसाला स्वस्थ झोपवा, धीर द्या. दुखऱ्या जागी गार पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही. दोरी आवळू नका, जागा कापू नका, चोखू नका. मंत्र, पाला, खडा यांत वेळ घालवू नका.

लहान मूल असेल, तर लक्षणांची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा. मोठ्या माणसालाही उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, गार हातपाय, छातीत धडधड किंवा दम यांपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब नको. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना चावल्याची नेमकी वेळ सांगा.

दुखणे थांबवण्यासाठी डॉक्टर चावलेल्या जागी लिग्नोकेन देतील. त्याने ठणका थांबेल. पण लगेच घरी नेण्याची घाई करू नका. सांगतील तितका वेळ, बहुधा चोवीस तास, देखरेखीखाली राहा. सलाईनचा आग्रह धरू नका. फुफ्फुसात पाणी होत असताना जास्त सलाईन घातक ठरू शकते. किती द्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

प्राझोसिनची गोळी घरात आणून ठेवू नका आणि मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून ती झोपवूनच, तपासणी करत, वजनाप्रमाणे द्यावी लागते.

मोठा काळा विंचू पाहून लोक घाबरतात, पण आपल्याकडे खरा घातक आहे तो लहानसा लाल विंचू. तो रात्री हिंडतो आणि दिवसा जांभ्याच्या फटीत, लाकडांत, कौलांखाली, पेंढ्यात दडून बसतो. पेंढा-लाकडे उचलताना आधी काठीने हलवा. मुलांच्या पायांत काहीतरी असू द्या. चपला-बूट झटकल्याशिवाय घालू नका. अंथरुण भिंतीपासून दूर ठेवा.

त्या रात्री मी मुलाला प्राझोसिन दिले, प्राणवायू लावला, उशाला उंच केले आणि रुग्णवाहिकेतून त्याच्याबरोबर मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे त्याला लस मिळाली. गोळी ठरावीक वेळाने पुन्हा दिली गेली. पहाटे चारच्या सुमारास त्याचे तळवे माझ्या हातात कोमट लागले. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला.

आठवड्याने आजोबा नातवाला दाखवायला घेऊन आले. मी कागदावर बांध काढला, उघाडी काढली आणि वर लिहिलेले सगळे त्यांना त्यांच्या शेताच्या भाषेत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे उघडण्यापेक्षा मिटण्याला जास्त मोल."

मी म्हटले, "दोन्हींना सारखेच मोल, बाबा. पण मिटायचे थांबले तर वेळ हातात फार थोडा असतो."